डावीकडच्या नटाचा अर्ज

डॉक्टरीणबाईंच्या जुन्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकामागचा नट सोमवारी सकाळी आपल्या जागेवरून उतरला आणि माझ्याविरुद्ध अर्ज द्यायला कचेरीत गेला.

नटाने कचेरीत जाण्यात नवल नाही. त्यांच्यासाठी कचेरी आहे. जोडणी तक्रार निवारण कार्यालय, जुन्या जकात नाक्याच्या वरच्या मजल्यावर. गेल्या साली एका बिजागरीने तिथून न्याय मिळवला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्याने आधी माझ्याकडे यायला हवं होतं. माझं गॅरेज वाटेतच आहे. तो माझ्या दारावरून घरंगळत गेला आणि आत डोकावलासुद्धा नाही. पुढे चढ लागला तेव्हा एका गवळ्याला सांगून त्याच्या किटलीच्या झाकणात बसून गेला. हे मला गवळ्यानेच सांगितलं. हसत सांगितलं, म्हणून मी त्याच्याकडून दूध घेणं बंद केलं.

मी हिंदुराव लोहार. वय अठ्ठ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत. बाराव्या वर्षी पाना हातात धरला, तो अजून सोडलेला नाही. जुन्या मोटारींची पुढची बाजू या गावात माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

आता काम काय ते सांगतो, म्हणजे अर्ज काय ते कळेल. पुढच्या चाकाला धरून ठेवणारा एक खालचा आर्म असतो. तो जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडतो, तिथे रबराची बुश असते, तिच्या मधून बोल्ट जातो आणि बोल्टच्या टोकाला हा नट. चाक खड्ड्यात गेलं की आर्म वर-खाली होतो, रबर थोडा पीळ घेतं आणि सोडून देतं. म्हणून गाडी जॅकवर उचललेली असताना हा नट नुसता हाताने लावून ठेवायचा. मग गाडी खाली उतरवायची. चाकावर तिचं पूर्ण वजन येऊ द्यायचं. आणि त्यानंतर जमिनीवर उताणं झोपून, खाली सरकून, शेवटचा आवळ द्यायचा. चाक लटकत असताना आवळला, तर रबर नको त्या जागी धरलं जातं आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं. मान मुरगळून झोपलेल्या माणसासारखं. माझे उस्ताद कादरभाई यांनी अधांतरी नट आवळणाऱ्या एका कारागिराला त्याच दिवशी गॅरेजाबाहेर काढलं होतं. त्याची चप्पल आत राहिली, तीही नंतर फेकली.

मंगळवारी कचेरीचा शिपाई नोटीस घेऊन आला.

"हिंदुराव लोहार तुमीच न्हवं? सही करा. आणि पाना द्या."

"कसला पाना?"

"ज्यानं आवळलंसा त्यो. जप्तीचा हुकूम हाय."

पाऊण इंची रिंग पाना. कादरभाईंचा. शिपायाने तो पांढऱ्या कापडात गुंडाळला, वर लाख लावली. जाताना म्हणाला, "लई वाईट वाटू नका, मेस्त्री. तुमच्या नटाचे पण हालच झाले. मला आधी वाटलं नाटकातला नट. खाली म्हाताऱ्या कलावंतांच्या पेन्शनीच्या रांगेत त्येला दीड तास बसवला. त्यो बी गप बसला. पुढची बाई लावणीवाली हुती, तिच्याशी बोलत बसला."

नोटिशीत लिहिलं होतं, की तक्रारदारास आपण अधांतरी आवळल्याचे त्याचे म्हणणे आहे. आपले म्हणणे लेखी द्यावे. आरोप शाबीत झाल्यास पानाधारकांच्या पटावरून आपले नाव कायमचे कमी करण्यात येईल व त्यानंतर आपणास कोणत्याही मापाचा पाना हाती धरता येणार नाही.

मी ते तीनदा वाचलं. एवढा राग मला बायको माहेरून वेळेवर आली नाही तेव्हाही आला नव्हता. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा बसतो, त्याच्याकडे मी गेलो नाही. नटाचा अर्ज त्यानेच लिहिला होता. मी स्वतः लिहिलं. खोटं लिहायची सवय नसल्याने चार ओळींत झालं.

"मी तो बोल्ट उघडला. चार आटे मेले होते. मी नवीन आटे मारले. नटाला साफ केला. मग चांगला आवळला. तो आधी आवाज करत होता, नंतर गप्प झाला. माझी काही चूक नाही."

सही करून कचेरीत शिपायाच्या हाती दिलं आणि शुक्रवारी सुनावणीला गेलो.

अधिकारी पटवर्धन मॅडम, पुण्याकडच्या, चाळिशीच्या. त्यांच्या शेजारी हेडक्लार्क पारिसा मगदूम. मधल्या टेबलावर नट. टेबलाला उतार होता, म्हणून त्याला बशीत ठेवला होता. मी आलो तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

"लोहार, हे निवेदन तुमचंच?" मॅडमनी विचारलं.

"माझंच."

"कुणाच्या दबावाखाली लिहिलेलं नाही ना?"

"माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्माला यायचाय."

मॅडमनी चष्मा नीट केला. "'चार आटे मेले होते.' फक्त चार?"

"चार मेले. बाकीचे अर्धमेले हुते."

"मग त्यांना वाचवायचा प्रयत्न?"

"आट्यांना कोण वाचवतंय? सरळ नवीन मारले."

मॅडमनी पेन खाली ठेवलं, पाणी प्यायल्या, पुन्हा पेन उचललं. "म्हणजे नव्या आट्यांनाही तुम्ही मारलंत."

"मारावेच लागतात, मॅडम. त्याबिगर नट बसणार कशावर?"

"'नटाला साफ केला.' कशाने?"

"रॉकेलनं."

"रॉकेल!" त्यांनी तो शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. "कुणादेखत?"

"डॉक्टरीणबाई हुत्या की तिथं. खुर्ची टाकून बसल्या हुत्या."

"त्यांनी अडवलं नाही?"

"त्यांनीच डबा आणून दिला."

"आणि मग तुम्ही याला आवळलंत. तो आवाज करत होता, तो गप्प झाला."

"गप्प झाला म्हंजे काम झालं," मी म्हणालो. "गप्प होईपर्यंत सोडत न्हाई मी. सहासष्ट वर्षं ह्येच करतोय. गावात कुणालाबी विचारा."

मॅडमनी शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं.

मला काही कळेना. मी खरं तेच सांगत होतो आणि प्रत्येक खऱ्या वाक्याला त्या बाईचा चेहरा उतरत होता. तेवढ्यात पारिसा मगदूम खोकले. त्यांच्या मेहुण्याचा लेथचा कारखाना आहे.

"मॅडम, जरा बोलू का? आटे म्हंजे बोल्टवरच्या गोल गोल रेघा. झिजल्या की मेल्या म्हणत्यात. आणि मारले म्हंजे पाडले."

"पाडले?"

"म्हंजे केले. तयार केले."

"मारणे म्हणजे तयार करणे?"

"आट्याच्या बाबतीत."

"आणि साफ करणे?"

"ते साफ करणंच, मॅडम. गंज पुसायचा."

"आवळणे?"

"आवळणेच. पण गळा न्हवं."

मॅडमनी पुन्हा एकदा सगळं वाचलं. माणूस सरळ होता, हे कबूल करतो. लिहिलेलं एकेक खोडलं, खोडल्याखाली सही केली आणि म्हणाल्या, "मग या निवेदनात गुन्हाच नाही. लोहार, तुम्ही निर्दोष आहात. पारिसा, यांचा पाना परत द्या."

लाख फोडली. पाना टेबलावर ठेवला. मी उठलो आणि पान्याला हात घालणार, तोच बशीतून आवाज आला.

"थांबा की वाईच."

बोलणं चांगलं गावरान होतं. गाडी अठ्ठेचाळीस सालची, विलायती, पण नट शहात्तर वर्षं इथल्याच रस्त्यांवर फिरलाय.

"मारलं, मेलं, त्याचं मला कायबी न्हाई," नट म्हणाला. "आटे मेलेच हुते. मेस्त्रींनी नवे मारले ते झकास मारले. माझा अर्ज येगळाच हाय. चाक अधांतरी लटकत असताना ह्यांनी मला शेवटचा आवळ दिला. गाडी खाली उतरवली न्हाई."

मी ओरडलो. कचेरीत ओरडू नये, पण मी ओरडलो. "खोटं! साफ खोटं! सहासष्ट वर्षांत एक नट मी अधांतरी आवळलेला न्हाई. कादरभाईंचा चेला हाय मी. ह्यो विलायती टवळा मला शिकवणार? उस्तादाची शपथ घिऊन सांगतो..."

"शपथ घिऊ नका, मेस्त्री," नट म्हणाला. "उगं अडचणीत याल. मागल्या म्हैन्यातला शनिवार हुता. तुमचा उजवा गुडघा सुजलेला. खाली झोपायचं म्हंजे परत उठायचं आलं. तुमी तीन पायांच्या स्टुलावर बसला हुता, गाडी जॅकवर हुती, आणि बसल्या बसल्याच मला आवळलंसा. वर काय म्हणालासा, आठवतंय का?"

मी पान्यावर चिकटलेली लाख नखाने खरवडली.

"'चालतंय' म्हणालासा."

हा शब्द मी गॅरेजात कुणाला उच्चारू देत नाही. कुणी म्हटलं तर काम थांबवून त्याला उलगडायला लावतो. काय चालतंय, कुणाला चालतंय, किती दिवस चालतंय, सांग. असा शब्द मी बोलणं शक्य नव्हतं. आणि उभ्या उभ्या मला तो शनिवार दिसला. स्टूल दिसलं. गुडघ्याला बांधलेलं फडकं दिसलं. रबर हलकंसं कुरकुरलं होतं, तेही ऐकू आलं. आणि मग माझ्याच तोंडून तो शब्द.

पारिसा मगदूम खिडकीबाहेर बघायला लागले.

"व्हय," मी म्हणालो. "आवळला. अधांतरीच आवळला."

मॅडमनी छापील तक्ता पुढे ओढला आणि त्यावरून बोट फिरवलं. बोट वर गेलं, खाली आलं, मागच्या पानावर गेलं.

"असा रकाना नाही," त्या म्हणाल्या.

"कसला रकाना?"

"अधांतरी आवळणे. गळा आवळणे आहे. जबरदस्तीने वेगळे करणे आहे. गंजू देणे, हरवणे, दुसऱ्याच्या जागी बसवणे, ज्वलनशील पदार्थ टाकणे, सगळं आहे. हे नाही. नोटिशीत आम्ही तक्रारदाराचे शब्द जसेच्या तसे घालतो, इतकंच. म्हणजे हा गुन्हा होत नाही. तुम्ही जाऊ शकता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"गुन्हा न्हाई?"

"नाही."

"मॅडम, ह्येच तर गुन्हा हाय! ह्याच्याशिवाय दुसरा गुन्हाच न्हाई ह्या धंद्यात! रॉकेलला तुमच्याकडं रकाना हाय आणि ह्येला न्हाई? कुणी केला ह्यो तक्ता? त्यानं कधी गाडीखाली पाठ टेकली हुती का?"

"तक्ते वरून छापून येतात."

"वरनंच येणार! खालनं आला असता तर ह्येच पयल्या ओळीत असतं!"

"मेस्त्री, मेस्त्री," पारिसा म्हणाले, "सुटलासा की. च्या घ्या आणि जावा घरी."

"च्या नको मला. माझं नाव काढा त्या पटावरनं."

"नाव काढायला गुन्हा लागतो," मॅडम म्हणाल्या.

"मी सांगतोय न्हवं, केलाय म्हणून!"

"तो रकान्यात बसत नाही."

"मग रकाना पाडा!"

"पाडा म्हणजे?" मॅडमनी पारिसांकडे पाहिलं.

"तयार करा," पारिसा म्हणाले.

"तो अधिकार या कचेरीला नाही."

मी पाना घेतला नाही. तसं स्पष्ट सांगितलं. घेतला असता तर तो आपला म्हणून हातात धरून कादरभाईंच्या कबरीवरून मला जावं लागलं असतं, कारण रस्ता तिथूनच आहे. मॅडमनी नियम पाहिला. त्याला मात्र रकाना होता. जप्त वस्तू मालकाने नाकारल्यास ती तक्रारदाराच्या ताब्यात द्यावी. पारिसांनी नटाला शाईच्या पॅडवर ठेवलं, मग पोच म्हणून कागदावर दाबलं. सहा कोनांचा ठसा उठला, मध्ये भोक. पाना नटाचा झाला. पण नटाला तो उचलता येईना, म्हणून तो मी उचलला. नटाला सदऱ्याच्या खिशात घातलं आणि जिना उतरलो.

कोपऱ्यापर्यंत आलो.

"माझ्या दारावरनं गेलास," मी म्हणालो.

"गेलो."

"आत यायचं हुतं."

"आलो असतो तर काय केलं असतंसा?"

मी विचार केला. "हाकलला असता."

"म्हणून गेलो कचेरीत."

खिशातून शाईचा डाग पडला, तो अजून गेलेला नाही.

डॉक्टरीणबाई पडवीत उभ्याच होत्या. वय एक्याऐंशी, गाडी स्वतः चालवतात. दर गुरुवारी रंकाळा तळ्यापर्यंत एक फेरी असते. या गुरुवारी नट नसल्याने त्या फाटकाच्या आतच तासभर गाडीत बसल्या, दोनदा हॉर्न दिला आणि उतरल्या.

"काय मेस्त्री, निकाल?"

"निर्दोष सुटलो, बाई."

"मग तोंड का असं, फाशी झाल्यासारखं?"

मी सगळं सांगितलं. शनिवार, स्टूल, तो शब्द. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तेव्हापासून गाडी डावीकडे ओढतेय. मला वाटलं माझंच वय झालं." एवढं बोलून आत गेल्या आणि पोतं आणि एक उशी घेऊन आल्या. उशी त्यांच्या गेलेल्या यजमानांची, डॉक्टरसाहेबांची होती. मी ती डोक्याखाली घेतली नाही, गुडघ्याखाली घेतली.

"पाना वापरू का?" मी नटाला विचारलं. विचारावंच लागलं. आता तो त्याचा होता.

"वापरा. पण वजन पुरं पायजे. बाईंना आत बसवा. गाडी रिकामी असताना फिरत न्हाई, बाई असतानाच फिरती."

बरोबर होतं. मला सुचायला हवं होतं. डॉक्टरीणबाई स्टेअरिंगमागे बसल्या. मी आधी बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी दोनदा दाबून सोडली, म्हणजे पिळलेलं रबर मोकळं होतं. मग पोतं टाकलं आणि खाली उतरलो. उतरायला बराच वेळ लागला. गुडघ्याने जे म्हणायचं ते म्हटलं. पाठ जमिनीला टेकली, वर आर्म दिसला, नट बोल्टवर चढवला, पाना लावला.

"अजून पाव फेरा," नट म्हणाला.

"पुरे हाय."

"अजून पाव."

पाव दिला. तेव्हा तो बसला, हे हाताला कळलं.

वरून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झालं का?"

मी आडवा होतो आणि मान वळवली की पलीकडे उजवं चाक दिसत होतं. त्या शनिवारी दोन्ही बाजू उघडल्या होत्या. स्टूल मी आधी डावीकडे टाकलं होतं आणि मग उचलून उजवीकडे नेलं होतं.

"न्हाई बाई," मी म्हणालो. "उतरू नका." मग नटाला म्हणालो, "पाना अजून एकदा लागंल."

"कुणाला?"

"पलीकडल्याला."

"त्यानं कुठं अर्ज दिलाय?"

"न्हाई दिला."

नट म्हणाला, "न्या."

उठायचं टाळलं. पाठीवरच सरकत पलीकडे गेलो, सदऱ्याची पाठ गेली ती गेली. उजवीकडचा नट जागेवर होता. त्याच्यामागचं रबर इतकं पिळलं होतं, की कडेला भेग गेली होती. एवढं सोसून तो कुठे गेला नव्हता. मला त्याचाही रागच आला.

"तू का न्हाई गेलास रं कचेरीत?" मी विचारलं. "त्यो गेला तेव्हा त्याच्याबरोबर जायचं."

"मला लिहायला येत न्हाई," तो म्हणाला. आवाज बारीक होता, न वापरलेला.

"बाहेर बसतोय की लिहून देणारा."

"त्येला सांगायचं काय? मला वाटलं, असंच असतंय."

मी पाना लावला आणि आधी त्याला सैल केला.